रेसिडेंट, डोमिसाइल आणि सिटिझन
देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. म्हणून निदान आपल्या जिल्ह्यात तरी तीन इंग्रजी शब्दांचा गोंधळ उरू नये असं मला मनापासून वाटतं. रेसिडेंट म्हणजे नुसता राहणारा. अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस जो इथे राहिला तो आधारच्या कायद्याने रेसिडेंट, मग तो परदेशी का असेना. डोमिसाइल म्हणजे अधिवास, मूळ धरलेलं राहणं. आपल्या राज्यात त्यासाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. सिटिझन म्हणजे नागरिक. २०१६च्या आधार कायद्याचं नववं कलम स्वच्छ सांगतं, की हा क्रमांक नागरिकत्वाचाही पुरावा नाही आणि अधिवासाचाही नाही. तरी प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रासमोर तेच दृश्य: बारावी झालेली मुलगी, धडगावकडून पहाटेच्या एसटीने आलेले वडील, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं आधार कार्ड. ‘यावर पत्ता आहे ना, साहेब?’ पत्ता आहे. पण पत्ता म्हणजे अधिवास नव्हे. एका शब्दापायी हेलपाटा पडतो, दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा घरून निघण्याआधी अर्जावरचा शब्द नीट वाचा. डोमिसाइल मागितलं असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला आणि वास्तव्याचे जुने कागद सोबत घ्या.