ओळखीचे घर आणि मधला माणूस

बार्शीत घराचा सौदा ठरू लागला की पहिला विचार निघतो तो दलाली वाचविण्याचा. घरमालक आपल्याच आळीतला, त्याचे वडील आपल्या वडिलांच्या बैठकीतले, एकादशीला भगवंताच्या देवळात दोघांची हटकून गाठ पडणारी. असे असता शेकडा एक-दोन रुपये तिऱ्हाइताच्या पदरात का घालावेत, आणि जो घर बांधीत नाही, विकीत नाही, विकत घेतही नाही, त्याने केवळ दोन माणसे एकत्र आणल्याबद्दल मोबदला का मागावा, असा हा पूर्वपक्ष आहे. तो मांडणारी माणसे बहुधा आपली हितचिंतकच असतात. म्हणूनच त्याचा परामर्श नीट घेतला पाहिजे.

त्यातील एक भाग खरा आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने मध्यस्थावर नोंदणीचे बंधन घातले. परंतु ते त्या कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीपुरते. गावठाणातील जुना वाडा किंवा उपळाई रस्त्यावरचे राहते घर विकून देणारा त्या बंधनाबाहेरच राहतो. शिवाय सौदा पटला तरच दलाली मिळावयाची, म्हणून त्याचे मन सौद्याकडे झुकलेले असणार. हे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत.

परंतु एवढ्यावरून मध्यस्थाला वगळणे निर्धोक ठरत नाही. तो गेला की त्याच्या जागी ओळख येते, आणि ओळखीबरोबर भीड येते. ज्याच्या पंगतीला आपण सणासुदीस बसलो, त्याला “तुमच्या बहिणींचे हक्कसोडपत्र झाले आहे काय? दस्त दाखवा,” असे तोंडावर विचारणे आपल्याकडे अपमानाचे समजतात. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. आमच्याच घरी तसे घडले. वडिलांनी एका स्नेह्याकडून दोन खणांचे घर घेतले. घरपट्टीचा उतारा पाहिला, आणि तेवढ्यावर विसंबून खरेदीखत केले. पुढे विक्रेत्याची बहीण हिस्सा मागावयास आली. तिचे म्हणणे न्याय्य होते, हे वडिलांनाही मनोमन पटले होते. तडजोडीत पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागले, आणि ज्या स्नेहाची भीड धरून प्रश्न टाळला होता, तो स्नेहही त्या कज्ज्यात संपला.

हा प्रसंग अपवादात्मक नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाइतकाच सहदायादाचा अधिकार मिळाला, आणि तो जन्मसिद्ध आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा ज्या वाड्यात आज एकच भाऊ राहतो, त्याचे वारस पुण्या-मुंबईस विखुरलेले असण्याचा संभव असतो.

यावर असे म्हणतात की, दस्त सरकारदरबारी नोंदला जातो, मग भय कसले? दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो. विक्रेत्याच्या मालकीची तो हमी देत नाही. घरपट्टीच्या उताऱ्यानेही मालकी सिद्ध होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम सांगते की, नुसत्या विक्रीच्या करारामुळे मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. म्हणजे साठेखत हाती असूनही घर आपले झालेले नसते. ५५ वे कलम विक्रेत्याला दोष उघड करावयास लावते खरे, पण ग्राहकाने साधारण दक्षता घेतली असती तर जो दोष त्याच्या ध्यानी आला असता, त्याची जबाबदारी त्याच्यावरच राहते. गावाबाहेरच्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावरील घराला तर बिनशेती परवाना आहे काय आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो काय, हेही पाहावे लागते.

या गावाला मध्यस्थीचे मोल नव्याने सांगावयास नको. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिने येथील पेठेचा व्यापार दूरवर नेला, आणि अडत्या हा त्या व्यापाराचा कणा राहिला. त्याला कोणता माल का पडून आहे हे ठाऊक असते. घराच्या दलालालाही पूर्वीचा सौदा कशामुळे मोडला, शेजाऱ्याचा वाद भिंतीचा की वहिवाटीचा, हे कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला जे विचारणे जड जाते ते तो सहज विचारू शकतो. विक्रेता रागावला, तर त्याच्यावर रागावतो.

म्हणून मध्यस्थ अवश्य असावा. मात्र त्याची दलाली व तिच्या अटी कागदावर असाव्यात, आणि ती खरेदीखत नोंदल्यावरच द्यावी. मिळकतीचा तीस वर्षांचा शोध घेणारा वकील दलालाने सुचविलेला नसावा. तो आपण निवडावा, व त्याची फी आपणच द्यावी. मिळकत पत्रिका, फेरफार, वारसांची यादी, बँकेचा बोजा, हे सारे त्याने पाहून लेखी अभिप्राय देईपर्यंत इसाराची रक्कम आपल्याच घरी राहू द्यावी.