दाढ काढली, पण त्या जागेचं काय?

वस्तीत आरोग्याच्या कामासाठी फिरताना आम्ही बायकांना एक प्रश्न हमखास विचारतो. तोंडात किती दाढा नाहीत? बहुतेक जणी आधी हसतात, मग जिभेनं चाचपून मोजतात. दोन, तीन, कुणाच्या चार. "ताई, दुखत होती, काढून टाकली. सुटले एकदाची!"

ही समजूत आमचीही होती. नर्सिंगचा डिप्लोमा केलेला, वॉर्डात रात्रपाळ्या काढलेल्या, आणि तरी खालची एक दाढ काढल्यावर आम्ही ती जागा आठ वर्षं रिकामी ठेवली. पैसे नव्हते हे अर्धं कारण. दात म्हणजे काही हृदय नव्हे की किडनी नव्हे, असं आम्हालाही वाटत होतं, हे उरलेलं अर्धं. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांनी कापूस चावायला दिला, गोळ्या लिहिल्या, गरम खाऊ नका म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या आठ वर्षांत तोंडात काय झालं? मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली. वरच्या दाढेला खालून टेकायला कुणी उरलं नाही, म्हणून ती हळूहळू खाली उतरली. फटीत घास अडकायचा, म्हणून आम्ही एकाच बाजूनं चावायला लागलो. शेवटी ब्रिज बसवायला गेलो तेव्हा जागाच पुरेशी नव्हती. आधी वरची, काहीही न किडलेली दाढ घासून कमी करावी लागली. वेळेत गेलो असतो तर ती वाचली असती. रोगी माणसांना शहाणपण सांगत फिरणाऱ्या आमची ही गोष्ट.

ब्रिज म्हणजे पूलच. गेलेल्या दाढेच्या दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅप बसते, आणि दोन कॅपच्या मधे खोटी दाढ जोडलेली असते. तिन्ही मिळून एकच तुकडा असतो आणि तो सिमेंटनं पक्का चिकटवतात. रोज काढायचा-घालायचा नसतो. दाढ काढल्यावर हिरडी आणि हाड भरून यायला साधारण दोन-तीन महिने लागतात, त्यानंतर माप घेतात. माणूस निसटतो तो याच तीन महिन्यांत. दुखणं थांबलेलं असतं, मुलांची फी आलेली असते, आणि दाढ विसरली जाते. म्हणून आमचं म्हणणं असं की दाढ काढतानाच, त्याच खुर्चीत, विचारा: "ही वाचणारच नाही का? रूट कॅनाल होईल का? आणि काढलीच तर या जागेचं काय करायचं?"

सगळ्यांनाच ब्रिज लागतो असं मात्र नाही. अक्कलदाढ काढली तर काहीच बसवायची गरज नाही. शेवटची दाढ गेली असेल तर मागे आधार नसतो, तिथे हा नेहमीचा ब्रिज बसत नाही. बाजूचे दात हलत असतील तर त्यांच्यावर पूल टिकणार नाही. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या, तंबाखू धरणाऱ्या आपल्या आया-मावश्यांच्या हिरड्या आधी बघायला हव्यात. आणि बाजूचे दोन्ही दात धडधाकट असतील, माणूस तरुण असेल, तर ते घासायला हो म्हणण्याआधी दोनदा विचार करा. घासलेलं दाताचं कवच परत येत नाही. काढता-घालता येणारा दात स्वस्त पडतो आणि तो काही कमीपणाचा नाही. इम्प्लांटमध्ये बाजूचे दात घासावे लागत नाहीत, पण त्याचा खर्च आपल्यातल्या फार थोड्यांना झेपतो.

खर्चाचा एक भाग कुणी आधी सांगत नाही. दाढ एक गेलेली असते, पण पैसे बहुधा तीन दातांचे लागतात, कारण कॅप तीन बनतात. "एका दाताचे इतके" असं ऐकून गेलेली बाई बिल बघून परत फिरते. एकूण किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या. धातूचा ब्रिज स्वस्त, वरून दाताच्या रंगाचा महाग. मागच्या दाढेला धातूचा चालतो. तिथे कोण बघायला येतंय?

पैसे वाचवायला रस्त्याकडेला बसणाऱ्याकडून प्लास्टिकचा दात तारेनं बांधून, चिकटवून घेऊ नका. त्याखाली अन्न कुजतं, हिरडी सुजते आणि आधाराचे चांगले दातही हलायला लागतात.

मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. वेळ लागतो, पण खाजगीपेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो. रेशनकार्ड सोबत न्या आणि सवलतीबद्दल समाजसेवा अधीक्षकांना विचारा. शुगर, बीपी असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आमची तक्रार मात्र वेगळीच आहे. वस्तीजवळच्या दवाखान्यात दाढ काढून मिळते, बसवून मिळत नाही. 14 एप्रिलच्या निमित्तानं विहारात दंत शिबिरं होतात, तपासणी होते, पेस्टच्या ट्यूब वाटल्या जातात, फोटो निघतात. ज्यांच्या दाढा नाहीत त्यांची यादी करून त्यांना दंत महाविद्यालयापर्यंत नेणारं शिबिर आम्हाला हवं आहे. कारण ब्रिजसाठी चार-पाच खेपा पडतात, आणि हातावर पोट असलेल्याला प्रत्येक खेप म्हणजे एक खाडा.

घरातही एक हिशेब चालतो. मुलीचं लग्न ठरलं की तिच्या पुढच्या दातासाठी पैसे उभे राहतात. आईची दाढ दिसत नाही, म्हणून ती थांबते. मग आई भाकरी कालवणात बुडवून, मऊ करून गिळते, आणि हरभरे, शेंगदाणे, मटण ताटात बाजूला सारते. ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

ब्रिज बसला की चावून बघा. उंच लागत असेल तर लाजू नका, तिथेच सांगा. त्याखालून रोज रात्री साफ करायचं असतं. नुसता ब्रश तिथे पोचत नाही, ब्रिजखालून ओवायचा जाडसर दोरा किंवा बारीक ब्रश मागून घ्या. खोटी दाढ किडत नाही, पण कॅपखालचे खरे दात किडतात.

आमच्या गल्लीतली एक धुणीभांडी करणारी मावशी सध्या दंत महाविद्यालयात जाते आहे. माप झालं, दात घासून झाले, तात्पुरती कॅप बसली. येत्या मंगळवारी ब्रिज बसेल. तिच्या तीन घरांपैकी एकीनं खाड्याचे पैसे कापले नाहीत. दोघींनी कापले.