महिन्याला साठ हजार शब्द: वेगात लिहिण्याचा खरा हिशेब

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला मागच्या वर्षी एक काम मिळालं. ऑडिओ मालिकांसाठी कथा लिहायच्या. महिन्याला साठ हजार शब्द, शब्दाला पंचवीस पैसे. पहिल्या महिन्यात भयकथा, दुसऱ्यात लव्हस्टोरी, तिसऱ्यात क्राइम थ्रिलर. मालिकेवर तिचं नाव कुठेच नाही. पण महिन्याचे पंधरा हजार रुपये हातात येणार होते, म्हणजे खोलीचं भाडं आणि मेस दोन्ही सुटत होतं. आम्ही तिच्याकडून पार्टीही उकळली.

पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात तिचा हिरो प्रत्येक दार उघडताना मागे वळून बघायला लागला. लव्हस्टोरीत! "अगं, हा प्रेमात पडलाय की याला भूत दिसतंय?" असं आम्ही तिला चिडवलं. ती हसली नाही. तिसऱ्या महिन्याच्या मध्यावर तिनं काम सोडलं. "मला लिहिता येत नाही हे कळलं," एवढंच म्हणाली.

मला हे वाक्य पटलं नाही, म्हणून हा लेख. कारण अशा ऑफर आज बऱ्याच जणांच्या फोनवर येतायत. तुम्हाला कादंबरी लिहायची असेल, नाहीतर लिहून चार पैसे कमवायचे असतील, तर 'भराभर लिही आणि काहीही लिही' हे दोन आदेश एकत्र येणारच. ते पाळता येतात का? आणि पाळावेत का?

१,६६७ शब्दांचं वेड

वेगाच्या या वेडाला जगभर चेहरा दिला तो 'नॅनोरायमो'नं, म्हणजे नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथनं. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी आणि त्याच्या मित्रमंडळींनी, एकूण २१ जणांनी, हे सुरू केलं. नियम सोपा होता: एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी. रोजचे १,६६७ शब्द. पुढच्या वर्षीपासून त्यासाठी नोव्हेंबर महिना ठरला आणि बघता बघता लाखो लोक त्यात उतरले. एरिन मॉर्गनस्टर्नच्या 'द नाइट सर्कस'ची सुरुवात अशाच नोव्हेंबरांमधली.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक गंमत आहे. आपण 'घरातल्यांनासुद्धा' हा एक शब्द मोजतो. हेच इंग्रजीत सांगायला चार-पाच शब्द लागतात. आपली विभक्ती आणि प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे मराठीतले ५०,००० शब्द म्हणजे इंग्रजीपेक्षा बरंच मोठं पुस्तक. बाहेरचं टार्गेट तसंच्या तसं उचलून 'मी स्लो आहे' असं रडणाऱ्यांनी आधी एवढा हिशेब करावा.

मार्च २०२५ च्या शेवटी ही संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं. पैशांची चणचण होतीच. त्याआधी २०२३ मध्ये अल्पवयीन सदस्यांच्या सुरक्षिततेवरून तिच्यावर गंभीर आरोप झाले होते. आणि २०२४ मध्ये एआयचा वाद पेटला. एआयला सरसकट विरोध करणं हे गरीब आणि अपंग लेखकांवर अन्याय करणारं आहे, अशा अर्थाची भूमिका संस्थेनं घेतली. त्यावर काही नामवंत लेखक सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

संस्थेचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. ज्याला टायपिंग जमत नाही, ज्याच्याकडे एडिटरला द्यायला पैसे नाहीत, त्याला मशीनची मदत होऊ शकते. पण जिथे लोक 'मी स्वतः महिनाभर बसून लिहिलं' एवढ्याच समाधानासाठी येत होते, तिथे हे ऐकून त्यांना काय वाटलं असेल? मॅरेथॉनच्या आयोजकांनी 'रिक्षानं आलात तरी चालेल' म्हणावं, तसंच झालं.

आपले हजार पुस्तकंवाले

वेगात लिहिणं ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही. तुमच्या आजोबांना बाबूराव अर्नाळकर हे नाव विचारून बघा. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळापहाड, धनंजय असे नायक घेऊन त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हजार! महिन्याला दोन पुस्तकं लिहिली तरी चाळीस वर्षांहून जास्त लागतील. पुढे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनीही हजाराचा आकडा ओलांडला. त्यांचा कॅप्टन दीप एका पिढीनं लायब्ररीतून आणून आणून वाचला.

हे कसं जमायचं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, नायक ठरलेला. झुंजार कसा बोलतो, संकटात काय करतो, हे लेखकाला नव्यानं शोधावं लागत नव्हतं. दुसरं, साचा ठरलेला. पुस्तक छोटं, गुन्हा सुरुवातीला, उकल शेवटी. तिसरं, गिऱ्हाईक ठरलेलं. गल्लीतल्या लायब्ररीत महिन्याची वर्गणी भरलेला वाचक 'नवीन काय आलंय?' असं विचारत उभा असायचा. त्याला पुढचं पुस्तक लगेच हवं असायचं.

म्हणजे त्यांचा वेग नुसता बोटांचा नव्हता. अर्धे निर्णय आधीच घेऊन झालेले असायचे. बेल्जियमचा जॉर्ज सिमनॉं घ्या. स्वतःच्या नावावर दोनशेच्या आसपास कादंबऱ्या, रोज एक प्रकरण, साधारण दीड आठवड्यात पुस्तक पूर्ण. पण लिहायला बसण्याआधी तो एका पाकिटावर पात्रांची नावं, वयं, पत्ते लिहून काढायचा. लोकांना दिसले ते दहा दिवस. पाकीट कुणी बघितलं नाही.

प्रकार बदलला की मीटर शून्यावर

आता माझ्या मैत्रिणीचं काय चुकलं ते बघा. तिच्याकडे शब्द होते. पण दर महिन्याला प्रकार बदलत होता, आणि त्याबरोबर आधी घेतलेले सगळे निर्णय रद्द होत होते.

प्रत्येक प्रकाराचा वाचकाशी एक करार असतो. रहस्यकथेत लेखक माहिती लपवतो, पण उकल झाल्यावर 'अरे, हे तर समोरच होतं' असं वाटलं पाहिजे. प्रेमकथेत शेवट काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं, तिथे उत्सुकता 'कसं' याची असते. त्यामुळे मनातलं लपवून चालत नाही, उलगडावं लागतं. भयकथेत उशीर करणं हेच कौशल्य. विज्ञानकथेत आधी जगाचे नियम बनवा आणि मग स्वतःच ते पाळा. भयकथेत सरावलेला हात प्रेमकथेत तसाच चालवला, की हिरो दारात मागे वळून बघायला लागतो. तिला लिहिता येत नव्हतं असं नाही. एका करारातून दुसऱ्यात जायला तिला वेळच मिळाला नव्हता.

हे करून दाखवणारे आहेत, नाही असं नाही. सुहास शिरवळकरांचं उदाहरण तुम्हाला नक्की माहितीये, फक्त हे माहीत नसेल की ही सगळी एकाच माणसाची कामं आहेत. दारा बुलंद आणि मंदार पटवर्धनच्या धडाकेबाज कथा त्यांच्या. २०१३ चा 'दुनियादारी' सिनेमा ज्यावर आला ती कॉलेजच्या कट्ट्याची कादंबरी त्यांची. आणि २०२० ची 'समांतर' ही वेब सिरीजही त्यांच्याच कादंबरीवरची. थरार, कॉलेज, नशिबाचं गूढ अशी तीन टोकं. पण नीट बघितलं तर एक गोष्ट सगळीकडे सोबत येते: संवाद. माणसं खरी बोलतात तशी बोलतात आणि प्रकरण अशा जागी संपतं की पान उलटावंच लागतं. म्हणजे प्रकार बदलताना सगळं फेकून द्यावं लागत नाही. आपलं काय टिकतं ते ओळखावं लागतं, आणि त्यासाठी आधी एका प्रकारात पुरेसं मुरावं लागतं.

नारायण धारप भयकथांसाठी प्रसिद्ध, पण विज्ञानकथाही लिहायचे. त्यांच्या 'आजी' या कथेचा धागा 'तुंबाड' सिनेमापर्यंत पोचला, आणि ती कथा मुळात स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवर आधारलेली. भरपूर लिहिणाऱ्यांनी बाहेरून कथाबीज घेणं तेव्हा नवीन नव्हतं. आज तोच रस्ता धरलात तर मूळ लेखकाची परवानगी आणि नाव या दोन गोष्टी टाळता येणार नाहीत.

परदेशी बाजारानं या अडचणीवर वेगळाच तोडगा काढला, तो म्हणजे टोपणनाव. प्रेमकथांची राणी नोरा रॉबर्ट्स १९९५ पासून भविष्यकाळातल्या पोलिसकथा 'जे. डी. रॉब' या नावानं लिहिते. स्टीफन किंगनं 'रिचर्ड बाकमन' हे नाव घेतलं, कारण एका लेखकाचं वर्षाला एकच पुस्तक यावं अशी तेव्हा प्रकाशकांची समजूत होती. १९८५ मध्ये ते गुपित फुटलं. नाव वेगळं ठेवलं की वाचकाशी झालेला करार मोडत नाही. पण एक फरक लक्षात घ्या. तिथे टोपणनावाचे पैसे आणि हक्क लेखकाकडेच राहतात.

तीन आठवड्यांमागची वर्षं

वेगाच्या दंतकथा ऐकताना थोडं सावध राहा. जॅक केरुअॅकनं 'ऑन द रोड' १९५१ च्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत, चिकटवलेल्या कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर टाइप केली, हे खरं. पण त्याआधी अनेक वर्षं तो त्या कथेचे खर्डे आणि टिपणं लिहीत होता, आणि पुस्तक छापून आलं १९५७ मध्ये. सिमनॉंनं काचेच्या पिंजऱ्यात बसून सगळ्यांसमोर कादंबरी लिहिली, ही गोष्ट तर अनेक जण 'आम्ही पाहिलंय' म्हणून सांगत राहिले. प्रत्यक्षात तसा करार झाला होता, पण तो प्रकार कधी घडलाच नाही.

खरी घडलेली गोष्ट दोस्तोयेव्स्कीची. कर्जात बुडालेल्या या लेखकानं एका प्रकाशकाशी भयंकर करार केला होता. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन प्रकाशक फुकट छापणार. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ नाही. मग त्यानं अॅना नावाची तरुण स्टेनोग्राफर ठेवली आणि २६ दिवसांत 'द गॅम्बलर' तोंडी सांगून पूर्ण केली. विषय जुगाराच्या व्यसनाचा. तो त्याला शोधावा लागला नाही, तो त्यातच जगत होता. पुढच्या वर्षी त्यानं अॅनाशी लग्न केलं, ते वेगळंच!

दिवसाला तीन पुस्तकं

आता आजचं चित्र. सप्टेंबर २०२३ मध्ये अॅमेझॉननं स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्यांवर एक मर्यादा घातली: दिवसाला जास्तीत जास्त तीन नवी पुस्तकं. हे वाक्य परत वाचा. 'दिवसाला तीन' ही मर्यादा आहे! एआयनं लिहिलेल्या पुस्तकांचा पूर यायला लागला होता, म्हणून ती आली. २०२५ मध्ये तर एका विकल्या जाणाऱ्या प्रेमकथेत, दुसऱ्या लेखिकेच्या शैलीसारखं लिहून दिल्याची मशीनची टीप तशीच राहिलेली वाचकांना सापडली.

वेग स्वस्त झाला की त्याची किंमत पडते, हे साधं अर्थशास्त्र आहे. साठ हजार शब्द मशीन काही मिनिटांत देत असेल, तर शब्दाला पंचवीस पैसे तुम्हाला कोण आणि किती दिवस देणार? म्हणून मला वाटतं, नुसत्या वेगावर करिअर उभं करायचं असेल तर ही सगळ्यात वाईट वेळ आहे. मशीनशी टायपिंगची शर्यत आपण हरणारच. कुठला प्रसंग ठेवायचा, कुठला कापायचा, आपल्या गावातली बाई नेमकं काय म्हणेल, हे ठरवण्यात मात्र आपला हात वर राहू शकतो. अर्नाळकरांचे वाचकही शब्द मोजून घेत नव्हते. त्यांना झुंजार हवा होता.

सही करण्याआधी

तरीही अशी ऑफर आली आणि पैशांची गरज असेल, तर घ्या. त्यात कमीपणा नाही. फक्त तीन गोष्टी बघा. भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही नोकरीत नसाल, फ्रीलान्स लिहीत असाल, तर कथेचे पहिले मालक साधारणपणे तुम्हीच असता. ते हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो, व्हॉट्सअॅपवरचा 'ओके डन' पुरत नाही. आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. त्यामुळे 'कायमस्वरूपी' हा शब्द कुठे लपलाय का, ते शोधा. जमलं तर एकच प्रकार मागून घ्या. महिनोन् महिने फक्त भयकथा लिहिल्यात तर पैसे तेवढेच मिळतील, पण हात तयार होईल.

आणि पैशांचा प्रश्नच नसेल, नुसतं स्वतःला जोखायचं असेल, तर हा प्रयोग करा. एक साधा प्रसंग घ्या. रात्रीची शेवटची एसटी चुकलीये आणि स्टँडवर दोनच माणसं उरलीत. हाच प्रसंग तीनदा लिहा: रहस्यकथा म्हणून, प्रेमकथा म्हणून, भयकथा म्हणून. प्रत्येकी पाचशे शब्द, प्रत्येकी एक दिवस. चौथ्या दिवशी तिन्ही वाचून बघा. जे तिन्हीकडे चांगलं उतरलंय ते तुमचं. जे एकीकडून दुसरीकडे चुकून सांडलंय ते दुरुस्त करायचं.

मी हा प्रयोग मैत्रिणीला सांगितला. "पैसे किती?" तिनं विचारलं. शून्य, मी म्हटलं. परवा रात्री तिचा मेसेज आला, पहिली पाचशे शब्दांची फाइल. एसटी स्टँडवरच्या प्रेमकथेत यावेळी कुणीही मागे वळून बघत नव्हतं. आणि खाली तिचं नाव होतं.