छर्ऱ्याच्या बंदुकीवरची दुर्बीण



उसात रानडुकरे शिरली की पाटसकडची पोरे छर्ऱ्याची बंदूक आणि वर दुर्बीण घ्यायची भाषा करतात. नेमबाजी शिकायची तर जरूर घ्या, आमची ना नाही. पण घेताना फसू नका.

दुकानदार 'बारा पट मोठे दिसते' म्हणून भाव चढवतो. छर्ऱ्याचा पल्ला तो केवढा! चार पट पुरे. विचारायचे ते वेगळेच. स्प्रिंगची बंदूक मागे झटका देते तसा पुढेही देते. त्या पुढच्या झटक्याने मोठ्या रायफलीची भारी दुर्बीणही खिळखिळी होते. शिवाय तसल्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांना जुळवलेल्या. दहा मीटरवर चित्र धूसर, डोळा हलला की फुली सरकते. दुकानातच पाहून घ्या.

पोरगे स्पर्धेत उतरणार असेल तर दुर्बीण नकोच. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटरमध्ये कांस्य जिंकले, ते बारीक भोकातून नेम धरून. तिथे दुर्बीण चालत नाही.

आणि डुक्कर? छर्ऱ्याने ते मरत नाही, चवताळते, आणि रात्री दारे धरणाऱ्यावर येते. वर १९७२ चा वन्यजीव कायदा: परवानगीवाचून शिकार म्हणजे गुन्हा. माळावरच्या चिंकाऱ्याला छर्रा लागला तर विचारूच नका. पीक खाणार सरकारने राखलेले जनावर आणि खटला शेतकऱ्यावर, हा कुठला न्याय? भरपाई ही भीक नव्हे. नुकसान झाले की लगेच वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या, अर्जाची पोच मागा, आणि ती पोच घेऊन जिल्हा बैठकीला या.