केरसुणी घेऊन सांगलीस

इसवी सन २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गावोगाव टँकरची वाट पाहत घागरी मांडलेल्या होत्या आणि गुरे चारा-छावण्यांत बांधलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टात सांगलीस कृष्णामाईने आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची मर्यादा गाठली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. २००५ च्या महापुरातही पाणी ५४ फुटांच्या आत राहिले होते. गावभाग, मारुती चौक, हरभट रस्ता, गणपती पेठ असा जुन्या सांगलीचा गाभाच पाण्याखाली गेला. पाण्याच्या थेंबास महाग झालेल्या मुलखातून तरुण मंडळी पुराचा गाळ उपसावयास निघाली, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची.

अशा एका पथकातील काही मुले आमच्या परिचयाच्या घरांतील होती. त्यांच्या तोंडून जे ऐकले त्यातील थोडे वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण असा प्रश्न उद्या कोणाच्याही घरात उभा राहील.

१९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाल्यापासून महाविद्यालयीन मुलांस श्रमदान नवे नाही. परंतु माळरानावर बांध घालणे निराळे आणि दुसऱ्याच्या माजघरातील चिखल काढणे निराळे. हा गाळ ओला आहे तोवर फावड्याने निघतो. एकदा ऊन लागले की फरशीस असा धरतो की खरवडावा लागतो. म्हणून आधी फावडे, मग खराटा, मग पाणी व शेवटी जंतुनाशक, असा क्रम. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा ज्वर जडतो. तेव्हा गमबूट व हातमोजे हे कौतुकाचे सामान नव्हे, आणि धनुर्वाताची सुई घरूनच टोचून घ्यावी. पायास जखम असेल त्याने चिखलात उतरूच नये.

एका घरी मुलांनी फुगलेल्या वह्यांचा गठ्ठा उचलून रस्त्यावरच्या ढिगावर टाकला. घरातील आजीबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या जाऊन त्या ढिगापाशी उभ्या राहिल्या. वह्या त्यांच्या दिवंगत यजमानांच्या हातच्या होत्या. त्या दिवसापासून पथकाने नियम केला, की घरच्या माणसास दोनदा विचारल्यावाचून चिंधीदेखील टाकावयाची नाही. यामुळे काम निम्म्याने मंदावले. आमच्या मते ते मंदावणे अगदी योग्य होते. पुराने ज्यांचे सर्वस्व नेले त्यांच्यापाशी 'हे ठेवा, ते टाका' म्हणण्याचा अधिकार तेवढा उरलेला असतो. तोही मदतीला आलेल्यांनी न्यावा काय? सांगलीचे नगर वाचनालय तर १८६९ सालचे; दीडशे वर्षे भरत असतानाच त्याचे हजारो ग्रंथ भिजून लगदा झाले. त्यातील कोणता वाचेल नि कोणता नाही, हे बाहेरून आलेल्या मुलास कसे कळावे?

दुसरी गोष्ट केरसुणीची. घरी स्वतःचे ताट न उचलणारे चिरंजीव तेथे संडास धूत होते, हे ऐकून एका मातोश्रींस हसावे की रडावे ते कळेना. वस्तुतः आपल्या जिल्ह्यास हा वारसा जुना आहे. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढे मुळशी सत्याग्रहात 'सेनापती' म्हणून ओळखले गेलेले, हे विलायतेस जाऊन आलेले गृहस्थ; पण गावी परतल्यावर त्यांनी हाती केरसुणी घेऊन रस्ते झाडण्याचे व्रत धरले. ब्राह्मणाच्या हातात झाडू पाहून त्या काळी लोकांस काय वाटले असेल! आमच्या घरांतून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. केरसुणी मात्र अजून सुनांच्याच वाट्यास आहे. तेव्हा चिरंजीव परत आल्यावर त्यांनी घरचे न्हाणीघर किती वेळा धुतले, हे आम्ही विचारले. उत्तर फारसे समाधानकारक नव्हते.

राहिला मुलींचा प्रश्न. त्याच परिचयातील एका एकत्र कुटुंबात २०१९ साली नातीस जाऊ दिले नाही. तिचा चुलतभाऊ मात्र गेला. मुलगी दोन दिवस जेवली नाही. आजोबांचे म्हणणे, परक्या गावी निजावयाची सोय काय? शंका रास्त होती. परंतु ती कोणी कोणास विचारलीच नाही, नकार तेवढा दिला. पुढे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले आणि पथक पुन्हा निघावयाचे ठरले. कोरोनाचे दिवस होते. या खेपेस आजोबा स्वतः पथकाच्या शिक्षकांकडे गेले. मुली कोठे निजणार, सोबत वडीलधारी बाई कोण, आणि शिधा आपला नेणार की पूरग्रस्तांवर भार घालणार, असे तीन प्रश्न त्यांनी केले. शाळेची स्वतंत्र खोली, दोन शिक्षिका आणि आठ दिवसांचा शिधा, अशी उत्तरे मिळाली. परत येताना त्यांनी बाजारातून गमबुटांचा जोड आणला. तो नातीस एक अंगुळ मोठा झाला. तिने पुढे कापूस कोंबून चालवून घेतला.