अँटिगनीच्या मागे कोण उभं आहे?

9 ऑगस्ट 2014. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन. मायकल ब्राउन या 18 वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला एका गोऱ्या पोलिसाने गोळ्या घातल्या. त्याचं प्रेत भर दुपारी सुमारे चार तास रस्त्यावर पडून होतं. आई तिथे पोचली, पण तिला मुलाजवळ जाऊ दिलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने ठरवलं की, त्या पोलिसावर खटला चालवायचा नाही.

दोन वर्षांनी, सप्टेंबर 2016 मध्ये, मायकल ज्या नॉर्मंडी हायस्कूलमध्ये शिकला होता तिथेच एक प्रयोग झाला. नाव 'अँटिगनी इन फर्ग्युसन'. 'थिएटर ऑफ वॉर प्रॉडक्शन्स'च्या ब्रायन डोअरीज यांनी तो बसवला आणि फिल वुडमोर यांनी संगीत दिलं. नटांनी संवाद वाचले. पण प्रयोगाचा प्राण होता तो गॉस्पेल कोरस. त्यात चर्चमध्ये गाणारे लोक होते, शिक्षक होते, मायकलला शिकवलेले एक शिक्षक होते आणि पोलिस खात्यातलेही लोक होते. गाणं संपल्यावर प्रेक्षकांशी खुली चर्चा झाली. पुढे न्यूयॉर्कमध्येही याचे प्रयोग झाले.

ही अँटिगनी कोण? सोफोक्लीसने इ.स.पू. 441च्या सुमारास लिहिलेल्या नाटकाची ती नायिका. थीब्ज नगरीच्या गादीसाठी तिचे दोन भाऊ लढतात आणि दोघेही मरतात. राजा क्रेऑन एकाला सन्मानाने पुरतो. दुसऱ्याला देशद्रोही ठरवतो आणि फर्मान काढतो की याला कोणी मूठमाती द्यायची नाही, कुत्र्या-गिधाडांना खाऊ द्या. अँटिगनी फर्मान मोडते आणि भावाला मूठमाती देते. राजा तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. तिथे ती गळफास घेते.

मित्रांनो, काही जण विचारतील की आपला ग्रीकांशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मी तर पुढे जाऊन म्हणतो की ही अँटिगनी आपली नव्हतीच. ती राजकन्या होती. क्रेऑनपुढे ती स्वतःची बाजू मांडते तेव्हा तिचा एक मुद्दा असा आहे की मेलेला माणूस कोणी गुलाम नव्हता, माझा भाऊ होता. म्हणजे गुलाम असता तर? तर मूठमातीचा प्रश्नच नव्हता! अथेन्सची लोकशाही गुलामांच्या श्रमावर उभी होती आणि स्त्रियांना तिथे राजकीय हक्क नव्हते. अँटिगनीचं काम रंगमंचावर पुरुषच करायचा आणि कोरसमध्येही पुरुष नागरिकच उभे असायचे. एवढं बंड बाईच्या नावावर, आणि तोंड मात्र पुरुषाचं.

मग फर्ग्युसनमध्ये काय बदललं? कोरस बदलला.

मूळ नाटकातला कोरस म्हणजे थीब्जचे म्हातारे प्रतिष्ठित. ते राजाला दबकून असतात. अँटिगनीबद्दल हळहळतात, पण तुझ्या हट्टानेच हे ओढवलं असं तिलाच ऐकवतात. आपल्या गावात असे लोक कमी आहेत का? राजाचा मुलगा हीमॉन बापाला सांगतो की सगळं शहर या मुलीसाठी रडतंय, पण अंधारात, दबक्या आवाजात. सोफोक्लीसच्या नाटकात ही कुजबुज करणारी जनता रंगमंचावर कधी येतच नाही. तिच्याबद्दल फक्त बोललं जातं.

फर्ग्युसनमध्ये तीच जनता रंगमंचावर आली. तिची कुजबुज राहिली नाही, तिचं गाणं झालं. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलून धरायची, ही गॉस्पेलची रीत गुलामगिरी सोसलेल्या लोकांच्या गाण्यातून आली आहे. कोरसमधूनच एक जण पुढे येतो, ओळ गातो आणि पुन्हा कोरसमध्ये मिसळतो. ज्यांच्या पूर्वजांना अँटिगनीने 'भावा'त धरलं नसतं, त्यांनीच तिला आपल्या आवाजात बसवलं आणि आपला मुलगा तिचा भाऊ केला. पुराणकथा खालून वाचणं म्हणतात ते हे. जोतीरावांनी दशावतारांची कथा अशीच उलटी वाचली आणि बळीराजा परत मिळवला. ते 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी 1873 मध्ये, अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं होतं, हे विसरू नका.

आता एक आक्षेप. ज्या व्यवस्थेने मुलगा मारला तिच्याच खात्यातले लोक कोरसमध्ये कसे? न्याय मिळालेला नसताना एकत्र गाणं म्हणजे जखमेवर फुंकर घालून घरी पाठवणं नाही का? हा आक्षेप मला खरा वाटतो. गाणं म्हणजे न्याय नव्हे. समरसतेच्या नावाखाली आपल्यालाही असंच गाणं शिकवलं जातं. पण प्रयोगानंतरच्या चर्चेत पोलिसांसमोर बसून लोकांना बोलता आलं, हेही खरं. जो कोरस प्रश्न विचारू देतो तो चळवळीच्या कामाचा. जो प्रश्न गिळायला लावतो तो क्रेऑनच्या दरबारातल्या म्हाताऱ्यांचा.

आणि आपल्याला अँटिगनी समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. 30 सप्टेंबर 2020च्या पहाटे हाथरसमध्ये 19 वर्षांच्या दलित मुलीचा मृतदेह पोलिसांनी परस्पर जाळला. एकदा घरी नेऊ द्या म्हणून घरचे विनवत होते. सरकारने कारण दिलं कायदा-सुव्यवस्थेचं. क्रेऑनचं कारण तरी वेगळं काय होतं? अलाहाबाद उच्च न्यायालयाला या प्रकाराची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या देशात कित्येक गावांत स्मशानसुद्धा जातीप्रमाणे वेगळं आहे, तिथे मूठमातीचा हक्क हा पुराणातला प्रश्न नाही. तो आजचा प्रश्न आहे.

अशा वेळी आपण काय करतो? लढणाऱ्या आईला, बहिणीला 'वाघीण' म्हणतो, तिचा फोटो स्टेटसला ठेवतो आणि आपापल्या कामाला लागतो. कोर्टाच्या तारखेला ती एकटीच जाते. एकटी बाई शूर असते म्हणून तिचं कौतुक होतं आणि एकटी असते म्हणूनच ती गुहेत कोंडली जाते. अँटिगनीला पूजणारे पुष्कळ आहेत. तिच्या मागे उभा राहणारा कोरस कुठे आहे?

कोरस ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आंबेडकरी जलशांनी झीलकऱ्यांच्या जोरावरच बाबासाहेबांचा विचार वस्ती-वस्तीत नेला. पण आज जयंतीच्या स्टेजवर नीट बघा. माइक कोणाच्या हातात आहे आणि मागे झील धरायला कोण उभं आहे? कडूबाई खरात, शीतल साठे यांचा आवाज महाराष्ट्राने ऐकला, तो आपण जागा दिली म्हणून नव्हे. त्यांनी ती स्वतः घेतली म्हणून. बाकीच्या पोरी अजून मागेच आहेत.

म्हणून येत्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा आणि वस्तीतल्या बायकांचा कोरस बांधा. ओळ त्यांनी टाकावी, झील आपण पुरुषांनी धरावी. आणि ज्या दिवशी वस्तीतली एखादी बाई पोलिस ठाण्याच्या पायरीवर एकटी उभी असेल, त्या दिवशी हाच कोरस तिच्या मागे उभा राहिला पाहिजे.

जय भीम!