मोरचुदाची बरणी

रसायनशाळेतल्या बाटल्यांच्या आपण मनातल्या मनात दोन रांगा लावलेल्या असतात. पहिल्या रांगेत तीव्र गंधकाम्ल, नत्राम्ल, अमोनिया. त्यांच्याजवळ जाताना हात आपोआप जपून पडतो, आणि त्या कपाटातून काढण्यापूर्वी सरांना विचारावे लागते. दुसऱ्या रांगेत मीठ, धुण्याचा सोडा, तुरटी, खडूची भुकटी आणि मोरचूद. या रांगेला विचारणे नाही, कुलूप नाही, झाकण लावण्याचीही फारशी घाई नाही. माझे म्हणणे एवढेच, की मोरचूद या दुसऱ्या रांगेत चुकून बसले आहे, आणि आपल्या जोयडा तालुक्यात तरी त्याला तिथे बसू देणे आपल्याला परवडणारे नाही.

कोणी विचारील, या निळ्या खड्यांत लेख लिहिण्यासारखे आहे तरी काय? विद्यार्थी मित्रहो, आहे. कारण रसायनशाळेतल्या साऱ्या पदार्थांत घरी पोत्याने येणारा असा हाच एक. गुंद-उळवीकडच्या सुपारीच्या बागांत पावसाळ्याच्या तोंडाशी कोळेरोगावरची फवारणी सुरू होते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, असे ते बोर्डो मिश्रण. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा एकदा, पाऊस उघडीप देईल तेव्हा. लेस्ली कोलमन या कॅनडातून आलेल्या शास्त्रज्ञाने म्हैसूर संस्थानच्या नोकरीत असताना १९१० साली कोळेरोगावर पुस्तिका लिहिली आणि हे मिश्रण सुपारीच्या बागेत आणले. त्याच्या आधीची गोष्ट फ्रान्समधली. बोर्दो शहराच्या आसपास रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरू तोडून खात. म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवीत, की निळसर घाण पाहून कोणी हात लावू नये. तेवढेच वेल केवड्यातून वाचलेले मिलार्दे या प्राध्यापकाला दिसले आणि १८८५ साली त्याने ते औषध म्हणून जाहीर केले. म्हणजे मुळात हा पदार्थ लोकांना भीती वाटावी म्हणून वापरात आलेला! ती भीती आपण कुठे सांडली कोण जाणे.

भीती किती बाळगावी हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोरचूद म्हणजे सायनाइड नव्हे. कोरडा खडा बोटात धरला तर काही होत नाही, हात धुतले की झाले. पण त्याची धूळ किंवा द्रावणाचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. तशा वेळी निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवायचा आणि तडक डॉक्टरकडे जायचे. पोटात गेले तर उलट्या आणि मुरडा, जास्त गेले तर यकृत आणि मूत्रपिंडावर घाला. तेव्हा तोंड धुवावे, मुद्दाम उलटी काढू नये, आणि रोग्याबरोबर बरणीही दवाखान्यात न्यावी. हे शेवटचे फार महत्त्वाचे. तालुक्याच्या कोपऱ्यातल्या वाडीवरून पावसात दांडेली किंवा कारवार गाठायला किती वेळ लागतो हे मी या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. इतक्या वेळाने पोचल्यावर डॉक्टरांनी ‘काय खाल्ले?’ विचारावे आणि आपण ‘निळे काहीतरी’ म्हणावे, हे बरे नाही.

आता साठवणीकडे वळू. पुस्तकात लिहिलेले असते, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. पुस्तक लिहिणाऱ्याने आपला जुलै पाहिलेला नसावा. आपल्याकडे त्या महिन्यात चपलेवर, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आणि रसायनशाळेच्या कपाटात एकाच रंगाची बुरशी येते. मोरचुदाचे खडे स्वतः हवेतले पाणी ओढून चिघळत नाहीत, ते त्या बाबतीत गुणी आहेत. तापवून पांढरी केलेली भुकटी मात्र झाकण जरा सैल राहिले तरी निळी होते. पाणी ओळखण्यासाठीच ती ठेवायची असते, आणि निळी झालेली भुकटी ती ओळख पटवणार कशी? ती घट्ट बुचाच्या बाटलीत घालून शुष्कक पात्रातच ठेवली पाहिजे. खड्यांचा शत्रू वेगळाच. सांडलेले खडे ओल्या लोखंडी फळीवर पडले की फळी गंजते आणि तिथे तांब्याचा लालसर थर बसतो. म्हणून लाकडी फळी किंवा खाली प्लॅस्टिकचे ताट, आणि बरणी डोळ्यांच्या उंचीच्या खाली.

पण ओल सर्वांत आधी खाते ती चिठ्ठी. शाईचे अक्षर पसरते, डिंक सुटतो, उरलेले झुरळे संपवतात. तालुक्याबाहेरच्या एका शाळेत मी पाहिलेल्या कपाटात सहा बरण्यांवर मिळून एकच चिठ्ठी शाबूत होती, आणि तीही कोणत्या बरणीची याबद्दल मतभेद होते! शिसपेन्सिलीने लिहावे आणि वरून पातळ मेणाचा हात फिरवावा. हा जुना उपाय आहे, आणि स्वस्त आहे.

चिठ्ठीवर लिहायचे काय, हा माझा खरा मुद्दा. आपल्या बरणीवर असते कॉपर सल्फेट. घरी मराठी बोलणाऱ्याला ते मोरचूद, कन्नड घरात मैलुतुत्त. माझ्या एका मित्राला कॉपर सल्फेटचे सूत्र स्फटिकजलाच्या पाच रेणूंसकट पाठ होते. तेच त्याच्या घरी मळीवर, भाताच्या कोठाराशेजारी पोत्यात ठेवलेले आहे, हे त्याच्या ध्यानात शेवटच्या वर्षी आले. दोष त्याचा नव्हे. शाळेतला पदार्थ आणि घरातला पदार्थ एकच आहे हे सांगणारा शब्दच कोणी बरणीवर लिहिला नाही. ज्या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत त्या महाविद्यालयाच्या बरणीवरही दोन्ही लिपींतली नावे असावीत, ही मागणी अवाजवी वाटू नये. नव्या बाटल्यांवर संयुक्त राष्ट्रसंघाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीची चिन्हे असतात. मोरचुदाच्या बाटलीवर एक वाळलेले झाड आणि एक मेलेला मासा असतो. चित्राला भाषा लागत नाही म्हणतात. तरीही वर्गात विचारून पाहा, तो मासा तिथे कशासाठी आहे ते.

यावर आमच्याच एका प्राध्यापकांचे म्हणणे असे, की मोरचुदालाही कुलूप लावले तर उद्या मिठालाही लावाल, आणि मुले रसायनांना भिऊन प्रयोगच करणार नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे. सर्वच बाटल्यांवर लाल चिठ्ठ्या डकवल्या तर लाल रंगाला अर्थ राहत नाही. मिठाला, खडूला स्वच्छ झाकण आणि नाव पुरे. पण म्हणूनच निवड करावी लागते, आणि निवडताना मोरचूद मिठाच्या बाजूला ढकलता येत नाही. मला कुलूप नकोच आहे. झाकण, नाव, आणि सांडपाण्यासाठी वेगळे भांडे एवढेच हवे.

त्या मेलेल्या माशाकडे आता यावे. प्रयोग संपला की परीक्षानळीतले निळे पाणी आपण मोरीत ओततो. मोरीतून शोषखड्डा, खड्ड्यातून ओढा, आणि आपल्याकडचे बहुतेक ओढे शेवटी काळी नदीलाच मिळतात. डिग्गीजवळ उगम पावणारी ही नदी आपल्याच तालुक्याची लेक. हिशोब सोपा आहे. एक ग्रॅम मोरचुदात सुमारे २५४ मिलिग्रॅम तांबे असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमने पाच हजार लिटर पाणी त्या मर्यादेला पोचते. माणसाला त्याने लगेच काही होणार नाही, दुसरा स्रोत नसेल तर मानक १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट देते. माशांना आणि त्यांच्या पिलांना मात्र तांबे फार थोड्या प्रमाणात बाधते, आणि पाणी जितके मऊ तितके अधिक. जांभ्या दगडावरून धावणारे आपल्या ओढ्यांचे पावसाळी पाणी मऊच असते. दांडेलीच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर आपण वक्तृत्वस्पर्धेत तावातावाने बोलतो. जरूर बोलावे. पण बोलून खाली उतरल्यावर आपल्या मोरीचे तोंडही एकदा पाहावे.

उपाय आपल्या अभ्यासक्रमातच पडलेला आहे. कोपऱ्यात प्लॅस्टिकची एक बादली ठेवायची, तिच्यात वर्षभराचे निळे पाणी साठवायचे आणि गंजके खिळे टाकायचे. लोखंड विरघळते, तांबे खाली बसते, निळा रंग जातो. रंग गेला म्हणजे तांबे संपलेच असे नव्हे. थोडे पाणी गाळून त्यात अमोनिया घालावा, गडद निळे झाले तर आणखी खिळे टाकावेत. शेवटी चुन्याची निवळी घालून गाळ बसू द्यावा आणि वरचे पाणी तेवढे ओतावे. शंभर ग्रॅम मोरचुदातून पंचवीस ग्रॅम तांबे मिळते. बागेतले जाणते लोक याच रसायनशास्त्रावर रोज चालतात. बोर्डो मिश्रण तयार झाले की ते त्यात सुरीचे घासलेले पाते बुडवतात, आणि पात्यावर तांबडी झाक आली तर आणखी चुना घालतात. म्हणूनच मिश्रणासाठी लोखंडी भांडे ते घेत नाहीत. आपण परीक्षेत जे समीकरण लिहितो ते त्यांनी पात्यावर वाचलेले असते.

घरची गोष्ट अजून राहिली. उरलेले खडे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे, आणि लहान मुलाला तो खडा निळी खडीसाखरच वाटतो. फवारणीचे पिंप ओढ्यात विसळणेही तसेच चालू आहे. ते विसळण्याचे पाणी पुढच्या मिश्रणात घालता येते, काही वाया जात नाही. या जूनमध्ये फवारणी सुरू होण्यापूर्वी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पेन्सिल आणि मेण घेऊन दोन लिप्यांतल्या चिठ्ठ्या कराव्यात. वीस आपल्या कपाटासाठी, आणि ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी आणखी दोन-दोन घरी न्याव्यात. मैलुतुत्त हा शब्द कन्नड लिपीत नीट कसा लिहायचा ते कन्नड विभागाच्या संपादकांना विचारून घेता येईल.